लहान तळ्यातली मस्की कशी धरावी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

मस्की ही उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातली, पाइक या शिकारी माशांच्या कुळातली सर्वांत मोठी जात आहे. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये तिला राज्यमाशाचा मान दिला, आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन व कॅनडातील ऑन्टॅरिओ या पट्ट्यात तिच्या मागे आयुष्य घालवणारे लोक आजही भेटतात. तिला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. आकडा अतिशयोक्त असला तरी त्यामागचे कारण खरे आहे, कारण बहुतेक तळ्यांत एका एकर पाण्यामागे एक प्रौढ मस्कीही भरत नाही आणि जी असते ती दिवसातला बराचसा काळ काहीही खाण्याच्या मनःस्थितीत नसते. मॅडिसन, मिनियापोलिस किंवा शिकागोच्या परिसरात स्थायिक झालेल्या आणि ब्लूगिल किंवा बास यांसारखे लहान मासे पकडून हात बसलेल्या मराठी वाचकांना पुढच्या पायरीवर जाण्यासाठी हा लेख उपयोगी पडावा.

लहान तळे म्हणजे इथे साधारण शंभर ते चारशे एकरांचे तळे समजावे. मिनेसोटातील मिल लॅक्ससारख्या लाखाहून अधिक एकरांच्या सरोवरात मासा कुठे आहे हाच मुख्य प्रश्न असतो आणि तो सोडवण्यातच दिवस संपतात. लहान तळ्यात ठिकाणे मोजकीच असतात व ती दोन-तीन फेऱ्यांत कळतात. मात्र त्याच ठिकाणांवरून इतर सर्वांच्याही होड्या जात असल्यामुळे तिथल्या माशाला होडीचा आवाज, सावली आणि नेहमीची आमिषे ओळखीची झालेली असतात. म्हणून लहान तळ्यातली सगळी आखणी ‘कुठे’पेक्षा ‘केव्हा’ आणि ‘किती शांतपणे’ या दोन प्रश्नांभोवती करावी लागते.

तळे निवडणे आणि नियम पाहणे

प्रत्येक राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर तळ्यांची माहिती मोफत मिळते. मिनेसोटाच्या ‘लेकफाइंडर’वर तर खोलीचा नकाशा, कोणत्या वर्षी किती मत्स्यबीज सोडले आणि पाहणीत कोणते मासे मिळाले हे सर्व एकाच जागी सापडते. मस्की नियमितपणे सोडली जाते का, तळ्याची कमाल खोली किती, पाणी किती स्वच्छ आहे आणि मोटरबोटींवर काही बंधन आहे का, एवढे पाहून तळे ठरवावे. शेवटचा मुद्दा अनेकजण वगळतात. ज्या तळ्यावर वेगाने होड्या नेण्यास मनाई असते, तिथे भर उन्हाळ्यातल्या शनिवारीही निवांत गळ टाकता येतो. मॅडिसनमधील विंग्रा तळे हे याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे ३४० एकरांचे, फार तर चौदा-पंधरा फूट खोल असे हे तळे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटमला, म्हणजे वृक्षोद्यानाला, लागून आहे, तिथे होड्यांना संथच जावे लागते आणि भाड्याने होडीही मिळते. २००८ मध्ये तिथून कार्प मासे मोठ्या प्रमाणावर काढल्यानंतर पाणी निवळले आणि पाणवनस्पती वाढल्या. तिथल्या मस्की बहुतेक मध्यम आकाराच्या असतात, पण संख्येने बऱ्या आहेत, आणि शिकण्यासाठी संख्या अधिक महत्त्वाची असते. मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील रेबेका तळ्यावर फक्त विजेवर चालणारी मोटर चालते, त्यामुळे तेही याच प्रकारात मोडते.

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात सोळा वर्षे पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला परवाना लागतो. हंगाम, लांबीची मर्यादा आणि एका वेळी वापरता येणाऱ्या दोऱ्यांची संख्या राज्यागणिक बदलते. मिनेसोटात सर्वसाधारणपणे ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही आणि बर्फ नसलेल्या काळात एकच दोरी वापरता येते. विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारण मर्यादा ४० इंचांची आहे, तीन दोऱ्या चालतात, पण काही तळ्यांसाठी वेगळे नियम आहेत. त्यामुळे दरवर्षी नवी नियमपुस्तिका पाहून मगच निघावे.

मस्की आणि नॉर्दर्न पाइक यांतला फरक ओळखता येणे ही कायद्याच्या दृष्टीनेही गरज आहे. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात, तर मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असतात, किंवा काही वेळा खुणा जवळजवळ नसतातच. मस्कीच्या शेपटीची टोके अणकुचीदार, पाइकची गोलसर. शंका राहिलीच तर खालच्या जबड्याच्या तळाशी असलेली छिद्रे मोजावीत: एका बाजूला सहा किंवा अधिक असतील तर मस्की, पाच किंवा कमी असतील तर पाइक. या दोघांचा संकर असलेली टायगर मस्की उभ्या पट्ट्यांवरून आणि गोलसर शेपटीवरून ओळखू येते.

साहित्य: आधी सोडण्याचे, मग पकडण्याचे

नवशिके दुकानात जातात ते आमिषांच्या भिंतीसमोर उभे राहतात. माझे मत स्पष्ट आहे: मासा सोडण्याचे साहित्य विकत घेतल्याशिवाय एकही आमिष घेऊ नये. खोल पिशवीचे, रबराचा लेप असलेले मोठे जाळे, दहा-अकरा इंच लांबीची नाकाडी पक्कड आणि गळाची जाड तार एका दाबात तोडणारा छोटा बोल्ट कटर या तीन वस्तूंवाचून होडी पाण्यात घालणे हा माशाशी आणि स्वतःच्या बोटांशीही खेळ ठरतो. मस्कीच्या आमिषाला दोन किंवा तीन तिहेरी गळ असतात, आणि तडफडणाऱ्या माशाच्या तोंडातला एक गळ माणसाच्या तळहातात रुतण्याचे प्रसंग या छंदात काल्पनिक नाहीत. कटर असेल तर तार तोडून दोघेही मोकळे होतात. मापनाची पट्टी आणि जबडा उघडा ठेवणारा चिमटा नंतर घेतला तरी चालेल.

रॉड साडेआठ फुटांच्या आसपास, ‘हेवी’ प्रतीचा असावा. लांब रॉडमुळे फेक लांब जाते, पण त्याचा खरा उपयोग होडीजवळ होतो, जो पुढे येईलच. त्यावर तीनशे किंवा चारशे आकाराचे बेटकास्टिंग रील (रॉडच्या वरच्या बाजूला बसणारे, आडव्या फिरत्या रिळाचे) आणि ८० पौंडांची विणलेली दोरी घ्यावी. एवढी जाड दोरी पाहून नवख्या माणसाला हसू येते, परंतु ती माशाच्या वजनासाठी नसून जड आमिषाच्या झटक्यासाठी आणि झुंज लवकर संपवण्यासाठी असते. दोरीच्या टोकाला एक फुटाचा तारेचा किंवा १०० ते १३० पौंडांच्या फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांना जोडणारा चिवट तुकडा, अनिवार्य आहे, कारण मस्कीचे दात साधी दोरी सहज कापतात आणि मग गळ तोंडात घेऊन निघून गेलेला मासा कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. बेटकास्टिंग रीलमध्ये सुरुवातीला दोरीचा गुंता होणारच. त्याची सवय अंगणात करून घ्यावी.

आमिषे तीनच पुरेत. पहिले बकटेल, म्हणजे फिरत्या पात्या आणि मागे केसांचा झुबका असलेले आमिष. ते फेकून सरळ ओढायचे असते, त्यामुळे त्याला कौशल्य लागत नाही, आणि पाण्यातल्या कंपनामुळे मासा ते दुरून हेरतो. लहान आणि वर्दळीच्या तळ्यात मोठ्या दुहेरी पात्यांऐवजी पाच क्रमांकाच्या एकेरी पातीचे छोटे बकटेल अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण बाकी सर्वजण मोठे टाकत असतात. दुसरे, शेपटीला पंखा असलेले पृष्ठभागावरचे आमिष, जे पहाटे आणि सायंकाळी सावकाश, एकाच गतीने ओढावे. तिसरे, लाकडी जर्कबेट, जे ओढले की खाली जाते आणि थांबले की वर येते. विस्कॉन्सिनमधील अँटिगो गावचे ‘स्विक’ हे यातले जुने आणि प्रसिद्ध नाव आहे. रंगांच्या चर्चेत फार वेळ घालवू नये. स्वच्छ पाण्यात पर्च माशासारखे नैसर्गिक रंग आणि गढूळ पाण्यात काळा किंवा नारिंगी, एवढे सूत्र पुरते. गळ मात्र कानशीने धारदार ठेवावेत, आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडने दाबून टाकले तर मासा सोडणे कितीतरी सोपे होते.

नकाशा वाचणे

मस्की पाठलाग करून शिकार करण्यापेक्षा दबा धरून बसणे पसंत करते. गावाकडच्या तळ्यात पाणवनस्पतीच्या कडेला बेडकाचे आमिष टाकून ज्यांनी मरळ पकडली आहे, त्यांना ही वृत्ती परिचित वाटेल. फरक इतकाच की मस्की आमिषामागे होडीपर्यंत येऊन, पाहून, परत फिरू शकते आणि बहुधा तेच करते.

म्हणून खोलीच्या नकाशावर सर्वप्रथम पाणवनस्पतीची बाहेरची कड शोधावी, म्हणजे जिथे उथळ हिरवळ संपून उतार सुरू होतो ती रेषा. ही रेषा सलग सरळ असते तिथे मासा कुठेही असू शकतो आणि त्यामुळे तो सापडत नाही. ती जिथे बाहेर टोक काढते किंवा आत वळते, तिथे तो थांबतो. रुंद पानांच्या पाणवनस्पतीला तिकडे ‘कॅबेज’ म्हणतात. तिच्या देठांमध्ये माशाला हालचालीसाठी मोकळी जागा मिळते, म्हणून कॅबेजचा लहानसा पुंजकाही दाट शेवाळी गवताच्या मोठ्या पट्ट्याहून मोलाचा ठरतो. ओढा तळ्यात मिळतो ती जागा, पाण्यात पडलेले झाड, खोल पाण्यालगतचा होडीचा धक्का आणि तळ्याच्या मध्यावर पाण्याखाली असलेला उंचवटा ही इतर ठिकाणे होत. साडेतीनशे एकरांच्या तळ्यात अशा खऱ्या अर्थाने चांगल्या जागा सहा ते दहाच निघतील. त्या नकाशावर खुणा करून ठेवाव्यात.

तळे खोल असेल तर उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वरचे गरम आणि खालचे थंड पाणी वेगळे होऊन त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते आणि सुपीक तळ्यात त्या सीमेखाली प्राणवायू फारच कमी उरतो. नकाशावर चाळीस फूट खोली दिसली तरी जुलैमध्ये माशांना वावरण्याजोगे पाणी वरच्या पंधरा-वीस फुटांतच असू शकते. फिशफाइंडरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ही सीमा पुष्कळदा धूसर पट्ट्यासारखी दिसते. त्याखाली आमिष नेण्यात अर्थ नसतो.

वेळ निवडणे

लहान तळ्यात यश मिळते ते बहुतांशी येथे. वसंतात बर्फ वितळल्यानंतर, पाणी सुमारे ५० ते ६० अंश फॅरनहाइट असताना मस्की अंडी घालते आणि त्यानंतर काही काळ उथळ, लवकर तापणाऱ्या खाड्यांत रेंगाळते. हंगाम उघडल्यावर तिथे लहान आमिषे सावकाश चालवावीत. पाणी ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान असताना मासा सर्वांत चपळ असतो. तेव्हा वनस्पतीच्या कडेने बकटेल वेगाने ओढावे. शरद ऋतूत पाणी ६० अंशांखाली गेले की गती कमी करून आमिष मोठे करावे आणि ज्या वनस्पती अजून हिरव्या आहेत त्या शोधाव्यात, कारण कुजणारी वनस्पती मासे सोडून देतात. पानगळीच्या सुमारास वरचे-खालचे पाणी एकमेकांत मिसळते, त्या काही दिवसांत पाणी गढूळ होते आणि मासेमारी मंदावते. तेव्हा दुसऱ्या तळ्यावर जाणे शहाणपणाचे.

पृष्ठभागाचे तापमान ८० अंशांवर, म्हणजे सुमारे २७ सेल्सियसवर गेले की मस्कीची मासेमारी थांबवावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजीने थकलेला मासा सावरू शकत नाही, आणि पोहत निघून गेलेला मासाही नंतर मरू शकतो. या काळात पहाटेचीही सवलत घेऊ नये, कारण उथळ तळे रात्रीत फारसे निवत नाही.

दिवसातल्या वेळांबाबत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा एकेक तास सर्वांना ठाऊक असतो. जाणकार त्यात चंद्रोदय आणि चंद्रास्ताची भर घालतात, आणि आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. चंद्राचा प्रभाव किती हे सिद्ध करणे अवघड आहे, तरीही तळ्यावर सहा तास घालवायचेच असतील तर त्यात चंद्रोदय यावा अशी आखणी करण्यात तोटा काहीच नाही. त्याहून भरवशाची खूण म्हणजे हवामान बदलण्यापूर्वीचे काही तास, जेव्हा आकाश भरून येते आणि वारा वाढतो. वादळ निघून गेल्यानंतरचा लख्ख निळ्या आकाशाचा दिवस फोटोसाठी चांगला, माशासाठी वाईट. विजा चमकू लागल्या तर मात्र तत्काळ किनारा गाठावा; हातात साडेआठ फुटांचा ग्राफाइटचा रॉड असतो, हे विसरता कामा नये. काचेसारख्या स्वच्छ पाण्याच्या आणि दिवसा गजबजलेल्या तळ्यात रात्रीची मासेमारी हाच अनेकदा खरा मार्ग असतो, पण तळ्याची दिवसा चांगली ओळख झाल्यावर आणि सोबतीला कोणी असल्यासच ती करावी.

ठिकाणावर जाणे

मुख्य इंजिन ठिकाणापासून बरेच दूर बंद करावे आणि पुढचे अंतर विजेच्या मोटरवर किंवा वल्ह्यांनी कापावे. विजेची मोटर सतत मंद गतीवर ठेवावी. ती वारंवार चालू-बंद करण्याने माशाला अधिक जाग येते. होडीत पक्कड आपटणे, डब्याचे झाकण पाडणे हे आवाज पाण्यात स्पष्ट पोहोचतात. वाऱ्याच्या दिशेने होडी सावकाश वाहू देत, वनस्पतीच्या कडेला समांतर आणि कडेवरून तिरक्या अशा दोन्ही फेकी कराव्यात. एका ठिकाणी वीस-तीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये.

मस्की आमिषामागे आली पण तिने घेतले नाही, तर त्या जागी हट्टाने फेकत राहण्याचा मोह टाळावा. ती कुठे आणि किती वाजता दिसली याची नोंद करून निघून जावे, आणि सूर्यास्ताला किंवा हवा बदलताना, वेगळ्या गतीचे आमिष घेऊन तिथेच परतावे. लहान तळ्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे: दिसलेला मासा जवळपासच राहतो आणि परतण्याचे अंतर पाच मिनिटांचे असते. अशा दोन-तीन दिसलेल्या माशांभोवती संपूर्ण संध्याकाळ आखता येते, आणि माझ्या मते नव्या पाण्यावर अंदाजाने फेकत राहण्यापेक्षा ती आखणी केव्हाही सरस ठरते.

होडीजवळचा आठ

प्रत्येक फेकीच्या शेवटी आमिष पाण्याबाहेर काढण्यापूर्वी रॉडचे टोक पाण्यात बुडवून आमिष आठाच्या आकृतीत फिरवावे. हा आठ इंग्रजी, आडवा आणि शक्य तितका रुंद असावा. मस्कीसारख्या लांब माशाला अरुंद वळण घेता येत नाही. टोक आणि आमिष यांच्यात फूट-दीड फूट दोरी ठेवावी, वळणावर आमिष खोल न्यावे, वळणातून बाहेर येताना वर आणून गती किंचित वाढवावी. मासा मागे दिसला की दचकून थांबण्याची प्रवृत्ती होते, आणि थांबलेले आमिष पाहताच मासा बुडी मारतो. उलट गती वाढवली तर शिकार पळत आहे असे त्याला वाटते. मासा दिसो वा न दिसो, दोन पूर्ण फेरे प्रत्येक वेळी घालावेत, कारण गढूळ पाण्यात किंवा अंधारात तो दिसतच नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि तिसऱ्या तासाला हात दुखू लागतात. तरीही लहान तळ्यातल्या सावध मस्की मोठ्या प्रमाणात येथेच लागतात, म्हणून थकवा आला तर फेकी कमी कराव्यात, आठ कमी करू नये.

लागल्यावर

आमिष अडकल्यासारखे वाटले किंवा दोरी अचानक सैल पडली, तरी लगेच रॉड बाजूला जोराने ओढून गळ रुतवावा. उभा वर ओढल्यास आमिष तोंडातून निसटते. दोरी क्षणभरही सैल सोडू नये. मासा उडी मारू लागला तर टोक पाण्याकडे झुकवावे. झुंज लांबवण्यात काही शौर्य नाही. जाड दोरी घेतली आहे ती त्यासाठीच. जाळे पाण्यात धरून मासा डोक्याच्या बाजूने आत घ्यावा आणि जाळे पाण्यातच ठेवावे. गळ काढणे किंवा तोडणे, मोजमापाची पट्टी ओली करणे, कॅमेरा तयार करणे ही सर्व कामे मासा पाण्यात श्वास घेत असताना उरकावीत.

फोटोसाठी उचलायचे असेल तर एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, कल्ल्यांना स्पर्श न करता, आणि दुसरा पोटाखाली देऊन मासा आडवा धरावा. जबड्याला धरून उभा लटकवल्यास त्याच्या मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो. आपला स्वतःचा श्वास रोखून धरावा आणि तो सोडावासा वाटला की मासा पाण्यात परत ठेवावा, ही जुनी सूचना अगदी व्यवहार्य आहे. मग शेपटीजवळ धरून त्याला सरळ ठेवावे. पुढे-मागे ढकलू नये. ताकद आली की तो स्वतःच हातातून निघून जातो. शरदात जिवंत सकर मासा आमिष म्हणून लावणाऱ्यांनी गळाच्या झटपट रुतणाऱ्या जुळणीचाच (‘क्विक-स्ट्राइक रिग’) उपयोग करावा, कारण मस्कीला आमिष गिळू देण्याच्या जुन्या पद्धतीत गळ पोटात जातो.

एवढा मोठा मासा पाहून घरी कालवणाचा विचार कोणाच्याही मनात येईल. मात्र मोठ्या, वयस्कर शिकारी माशांत पारा साठतो, आणि विस्कॉन्सिनच्या आरोग्यविषयक सल्ल्यात मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी व १५ वर्षांखालील मुलांनी मस्की खाऊच नये असे सांगितले आहे. ताटासाठी त्याच तळ्यातले पर्च आणि ब्लूगिल कितीतरी रुचकर असतात.

धक्क्यावर परतल्यावर होडीच्या तळाचे बूच काढून सर्व पाणी सोडावे, ट्रेलरला आणि मोटरला गुंडाळलेली वनस्पती हाताने काढून टाकावी. झीब्रा शिंपले आणि परकी मिलफॉइल वनस्पती एका तळ्यातून दुसऱ्यात अशाच जातात, आणि विस्कॉन्सिन व मिनेसोटा या दोन्ही राज्यांत ही सफाई कायद्याने बंधनकारक आहे. घरी निघण्यासाठी गाडी सुरू करण्यापूर्वी वहीत पाण्याचे तापमान, वारा, चंद्रोदयाची वेळ आणि मासा दिसलेली जागा लिहून ठेवावी. जागेची खूण नकाशावर करावी व तिच्या बाजूला वेळही लिहावी.